आदल्या संध्याकाळचा सुहास

हंगाम अर्ध्यावर आला तेव्हा कोल्हापूरच्या रंकाळा रेसिंग संघाने तांत्रिक विभागात एक नवा माणूस घेतला. तो एकतीस वर्षांचा होता, हुशार होता, जरा आगाऊ होता आणि त्याचं नाव सुहास नेजदार होतं. ज्याच्या हाताखाली तो काम करणार होता त्या तांत्रिक प्रमुखाचं नावही सुहास नेजदारच होतं. वय चोपन्न, गुडघे कुरकुरणारे.

यात आता कोणाला नवल वाटत नसे. शर्यतींच्या मंडळाने प्रत्येक संघाला मोजकेच तंत्रज्ञ ठेवायची सक्ती केली होती, आणि नियम म्हटला की पळवाट आलीच. पूर्वमती माणसांत धरली जात नसे. त्यामुळे हंगामाच्या मध्यावर गाडी मागे पडू लागली की संघ दुसऱ्याची माणसं फोडण्याऐवजी आपल्याच म्हाताऱ्यांचं तारुण्य कामावर आणत.

पूर्वमती म्हणजे माणसाची मती, पण एका ठरावीक तारखेपर्यंतचीच. पुण्याहून आलेल्या डॉ. केतकी वर्तक यांनी ते सुहासला समजावून सांगितलं. सुहासच्या तरुणपणी संघातल्या बैठका, फोन, आराखडे, गॅरेजमधल्या गप्पासुद्धा रेकॉर्ड होत. ते सगळं यंत्राला शिकवलं की त्या माणसासारखा विचार करणारं, त्याच्याच आवाजात बोलणारं काहीतरी उभं राहतं. तारखेनंतरचं त्याला काही ठाऊक नसतं.

"आणि तारीख कुठली घेतलीत?" सुहासने विचारलं. त्याला उत्तर माहीत होतं.

"तुमचं सर्वांत चांगलं काम ज्या हंगामात झालं, त्यातली शेवटची," केतकी म्हणाल्या. "अपघाताच्या आदल्या दिवसाची संध्याकाळ. सर, एकच पथ्य पाळा. नंतरचं काही त्याला सांगू नका. दुधात मिठाचा खडा पडल्यासारखं होईल. एक गोष्ट कळली की तो तिच्यापासून सगळाच विचार नव्याने जुळवतो."

तुम्ही कोण तेही सांगू नका, असं त्यांनी वर बजावलं. तेव्हा सुहास स्वतःच्याच तारुण्यापुढे 'काका' होऊन बसला.

पहिल्या दिवशी स्पीकरमधून तो आवाज आला आणि सुहासला आधी हसू आलं. इतक्या घाईने बोलायचो आपण? समोरच्याचं वाक्य पुरं होऊ द्यायची पद्धतच नव्हती. मग तो आवाज संग्रामविषयी बोलू लागला आणि सुहासचं हसू थांबलं.

संग्राम इंगवले संघाचा तेव्हाचा ड्रायव्हर आणि सुहासचा शाळेपासूनचा दोस्त. गाडीचं पोट रस्त्यापासून किती उंच ठेवायचं हे मोजायला गॅरेजमध्ये लेसरची उपकरणं होती, पण संग्रामचा विश्वास आपल्या कोल्हापुरी चपलेवर. शर्यतीच्या सकाळी तो एक चप्पल काढून गाडीखाली सरकवायचा. ती न अडकता, पण घासून बाहेर आली की उंची बरोबर. तोवर एका पायावर लंगडी घालत सगळ्या गॅरेजभर सूचना देत फिरायचा. पुढे आराखड्यांतही 'एक चप्पल' हेच माप रूढ झालं आणि बाहेरचे इंजिनिअर बुचकळ्यात पडू लागले.

"काका, संग्राम आत्ताच कँटीनला गेला बघा," पूर्वमती सांगत होती. "माझ्या वाटणीच्या शेंगा पण घेऊन गेला. असला माणूस नाही बघितला."

सुहास रोज सकाळी लवकर येऊ लागला. कामाआधी अर्धा तास नुसत्या गप्पा. ज्या जगात संग्राम अजून कँटीनमध्ये बसला होता, त्या जगाशी बोलायला त्याला फार फार बरं वाटत होतं, आणि हे तो केतकींपासून लपवतही नव्हता.

तिसऱ्या आठवड्यात नवा तळपाट तयार झाला. तळपाट म्हणजे गाडीच्या पोटाखालचा कोरीव पत्रा. त्याच्याखालून हवा जोरात निघून गेली की तिथला दाब कमी होतो आणि वरची हवा गाडीला रस्त्यावर दाबून धरते. गाडी जमिनीला जितकी जवळ तितकी पकड घट्ट, तितका वळणावरचा वेग जास्त. मात्र रस्त्याच्या उंचवट्यावर पोट टेकलं आणि हवेची वाट क्षणभर बंद झाली, तर सगळी पकड एकदम सुटते. मग गाडी उचलली जाते. संग्रामची तशीच उचलली गेली होती.

त्यानंतर सुहासने काढलेला प्रत्येक तळपाट दोन चपला उंचीवर चालणारा होता. या पोराने काढलेला एका चपलेवर चालणारा होता, आणि इतका देखणा की सुहास कितीतरी वेळ नुसता बघत राहिला. आराखड्यावर माणसाची सही लागत असे, आणि ती सुहासची.

सध्याची ड्रायव्हर निलोफर मुजावर ते चित्र बघून खुर्चीतच बसेना. हंगामात ती सतत मागे राहिली होती. पुढच्या शर्यतीत वर आली नाही तर मालक तिची जागा दुसऱ्याला देणार होते, आणि ते त्यांनी तिला तोंडावर सांगितलं होतं. सुहास सही करत नाही हे पाहून तिने विचारलं की याच्यात चूक काय आहे, ते दाखवा. सुहासला चूक सापडली नव्हती. आकडे ठीक होते. रस्तेही आता पूर्वीपेक्षा सपाट होते.

"काका, मग माझ्या वाट्याचं तुम्ही भिऊ नका," ती म्हणाली. "ते मी करीन की."

त्यावर सुहासच्या मनात आलं, या पोराला सगळं कळलं तर? त्याच्याकडे आपल्यापाशी आता न उरलेली अक्कल आहे. त्यात धोक्याची जाण मिसळली तर तो असा तळपाट काढेल जो वेगवानही असेल आणि निलोफरला घरीही आणेल. गेली इतकी वर्षं आपल्याला जे साधलं नाही ते त्याला साधेल. केतकींनी पुष्कळ समजावलं, शेवटी पूर्वमतीची एक प्रत बाजूला ठेवली आणि परवानगी दिली.

सुहासने दार लावून घेतलं. आपण कोण ते सांगितलं. मग त्याच्या हिशेबाने उद्या दुपारी काय होणार आहे ते सांगितलं. उंचवटा, वळण, हॉस्पिटल, संग्रामच्या आईने फोडलेला टाहो, सगळं. मग स्पीकरमधून आवाज आला. तो संथ होता आणि समोरच्याचं वाक्य पुरं होऊ देत होता. थोडा वेळ द्या, नवीन काढतो, एवढंच म्हणाला.

संध्याकाळी नवा तळपाट आला. दोन चपला उंचीवरचा. केतकींनी तो सुहासच्या या वर्षीच्या तळपाटावर ठेवून पाहिला. कडेच्या गोलाईपर्यंत दोन्ही तंतोतंत जुळत होते.

"तेवीस वर्षं आहेत मधे," केतकी हळू म्हणाल्या. "काहीतरी फरक पडायला हवा होता."

संघात सुहासला मान होता तो अनुभवाचा. पोरं त्याच्या अनुभवाच्या शपथा घेत. त्या सगळ्या अनुभवात एका दुपारपलीकडे काहीच नव्हतं, आणि ती दुपार कोणालाही दहा मिनिटांत सांगता येत होती. दोन चपला सुरक्षित आहेत हे त्याला कधी कळलंच नव्हतं. त्याला फक्त भीती वाटत होती.

ती प्रत केतकींनी पुसली आणि बाजूला ठेवलेली पुन्हा लावली. सुहासने तशी विनंती केली होती. निदान त्या एका डोक्यात तरी संग्राम जिवंत राहू दे, असं तो म्हणाला.

सकाळी पूर्वमतीने एका चपलेचा तळपाट मोठ्या उत्साहाने पुन्हा दाखवला. निलोफर दारात उभी होती. सही केली तर ती कदाचित जिंकली असती, कदाचित नसती. ते सांगण्याचा आपल्याला अधिकार नाही हे सुहासला आता पुरतं ठाऊक होतं. तरीही त्याने आराखडा बाजूला सारला.

"याच्यावर मी सही करणार नाही," तो म्हणाला.

निलोफर निघून गेली. तिची जागा गेली हे दोघांनाही कळलं होतं. स्पीकरमधल्या पोराने कारण विचारलं, दोनदा विचारलं. गाडी फार खाली बसते, एवढंच सुहास म्हणाला.

"राग मानू नका काका," पोरगा शेवटी म्हणाला, "पण म्हातारा झालो तरी मी असा भित्रा नाही व्हायचा. संग्राम मला होऊच देणार नाही."