मिस्टर ट्रँटर यांची श्रवणचाचणी

मिस्टर ट्रँटर श्रवणचाचणीत नापास झाले, मार्चमध्ये वारले आणि नोव्हेंबरात पुन्हा कामावर आले.

असं काहीही घडलेलं नाही. संस्थेच्या इतिवृत्तात तशी नोंद नाही, आणि इतिवृत्तात नसलेलं आमच्याकडे घडत नसतं.

तरीही हे खरं आहे. मी तिथे होतो.

यॉर्कशरमधली आमची रेल्वे लाइन साडेचार मैलांची. सरकारने कधीच बंद केलेली. हौशी लोकांनी रूळ पुन्हा टाकले आणि दर रविवारी वाफेचं इंजिन सुरू केलं. पगार कुणालाच नाही, त्यामुळे भांडणं जिवावरची.

दोन टोकांना दोन सिग्नल केबिन. एक आमची, दुसरी अल्डरगिलची. तिकडे बटण दाबलं की इकडे घंटा वाजते. उत्तर द्यायचंच, आणि प्रत्येक ठोका वहीत लिहायचा. सिग्नलच्या तरफा उघड्या हाताने धरायच्या नाहीत, घामाने गंजतात. म्हणून केबिनमधल्या माणसाकडे फडकं असतंच.

आमच्या केबिनसाठी अकरा वर्षांची प्रतीक्षायादी होती. केबिन मिस्टर ट्रँटर यांची, वय ब्याऐंशी. यादीत पहिला मी.

दर जानेवारीत चाचणी व्हायची. परीक्षार्थीने घंटेकडे पाठ करून उभं राहायचं, दुसऱ्याने घंटा वाजवायची, परीक्षार्थीने किती ठोके ते सांगायचं. सेक्रेटरी हिलरी खाली टेबलाशी कागद भरत होत्या. वर वाजवायला मी.

मी घंटेवर फडकं घातलं.

"वाजवलीस का रे पोरा?" त्यांनी पाठमोऱ्यानेच विचारलं.

"तीन ठोके, मिस्टर ट्रँटर. चांगले खणखणीत."

त्यांनी खिशातून केबिनची किल्ली काढली.

"कान गेले म्हणायचे," ते म्हणाले, आणि किल्ली माझ्या हातात दिली.

मग त्यांना चहाच्या खोलीत केक कापायला बसवलं. तुकडे अगदी सारखे कापायचे म्हणे. मी बघायला गेलो नाही. मार्चमध्ये ते झोपेतच गेले. शोकसभेत मी भाषण केलं. लोक रडले. सँडविच संपले.

नोव्हेंबरचा दुसरा रविवार. दुपारचे तीन. शेवटची गाडी येऊन गेली होती, इंजिन शेडमध्ये होतं. अल्डरगिलच्या केबिनला कुलूप. त्याची एकुलती एक किल्ली माझ्यासमोर खिळ्याला.

घंटा वाजली… एक ठोका.

म्हणजे, 'लक्ष आहे का?'

मी एक ठोका परत दिला. भीती नंतर, आधी नियम. वहीत लिहिलं, तीन वाजून सात मिनिटं.

मग दोन ठोके… जरा हळू.

मग चार… त्याहून हळू. कापडातून आल्यासारखे.

मी घंटेकडे पाहिलं.

घंटेवर काही नव्हतं. फडकं माझ्या हातात होतं.

मग घंटेची छोटी हातोडी हलली… आवाज नाही.

पुन्हा हलली… काहीच नाही.

पुन्हा…

जिना करकरला. चहाचा कप घेऊन हिलरी वर आल्या. वैतागल्या होत्या. उत्तर का देत नाहीस, म्हणाल्या, खाली फलाटापर्यंत ठणठणाट ऐकू येतोय.

"किती ठोके होते?" मी विचारलं.

"तीन. चांगले खणखणीत."

सोमवारी आमच्या वायरमनने तार तपासली. दुसऱ्या मैलावर ती रविवारी दुपारी दोनलाच झाड पडून तुटलेली होती. मी कानाच्या डॉक्टरकडे गेलो. कान उत्तम, असं त्यांनी लेखी दिलं.

पुढच्या रविवारीही हातोडी हलली. त्याच्या पुढच्याही. मी नुसत्या वेळा वहीत लिहितो. ठोक्यांच्या रकान्यात काय लिहू?

शेवटी हिलरींना सगळं सांगितलं. फडक्यासकट. त्या कपातल्या चहाकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "तोंडी तक्रार समिती घेत नाही रे."

म्हणून लेखी देत आहे.

प्रति, माननीय कार्यकारी समिती. विषय: निकाल दुरुस्तीबाबत. जानेवारीतील श्रवणचाचणी रद्द करून मिस्टर ट्रँटर यांना उत्तीर्ण घोषित करावे. माझे नाव प्रतीक्षायादीत शेवटी टाकावे. येत्या रविवारपासून त्यांना त्यांच्या केबिनमध्ये रुजू करून घ्यावे, आणि रुजू होतेवेळी मला त्यांच्यासमोर पाच मिनिटे उभे राहण्याची परवानगी मिळावी, ही नम्र विनंती.