पेटीचं बूच

तुम्हाला पटणार नाही, हे मी आधीच धरून चाललोय. मला कुणी सांगितलं असतं तर मीही हसलो असतो. पण हे माझ्या हातून घडलंय. रात्रबित्र नव्हती, वादळबिदळ नव्हतं. भरदुपार होती, दुकानाचं शटर सताड उघडं होतं.

मी जुने स्पीकर दुरुस्त करतो. बावीस वर्षं झाली. दुकान जिन्याखाली आहे, एकाला वळायचं असेल तर दुसऱ्याला पोट आत घ्यावं लागतं.

गेल्या वर्षी एका बुधवारी एक काकू आल्या. टेम्पोवाल्याने त्यांच्यामागून एक जड लाकडी स्पीकर आणून टेबलावर ठेवला. कमरेइतका उंच, चारी बाजूंनी बंद.

"ह्यांनी स्वतः बनवलाय," काकू म्हणाल्या. हे म्हणजे त्यांचे मिस्टर. जाऊन तीन वर्षं झाली होती. "पण ते गेल्यापासून ह्यात दम राहिला नाही. नुसता किरकिरतो."

मग त्यांनी पर्समधून रुमालात गुंडाळलेली एक कॅसेट काढली.

"स्पीकर तयार झाला त्या दिवशी ह्यांनी स्वतःचा आवाज भरून बघितला होता. भारदस्त आवाज होता हो त्यांचा. आता लावलं की कुणी किडकिडीत माणूस बोलतोय असं वाटतं. खरं सांगू दादा? मला त्यांचा आवाज आठवेनासा झालाय. म्हणून आले."

मला वाईट वाटलं. म्हटलं, काकू, काळजी सोडा, शनिवारी या.

अशा बंद पेटीची परीक्षा सोपी असते. पुढचा कागदी कोन बोटांनी हळूच आत दाबायचा आणि सोडायचा. पेटी घट्ट असेल तर तो सावकाश बाहेर येतो. कुठून हवा गळत असेल तर झटकन.

हा झटकन आला.

म्हणजे गळती. आणि हवा गळली की बेस गेलाच म्हणून समजा. मी स्पीकरमधून बारीक घरघर लावून ठेवली आणि पातळ कागदाची एक पट्टी सगळ्या सांध्यांवरून फिरवली. जिथे पट्टी फडफडते तिथे गळती.

पाठीमागे, खालच्या कोपऱ्यात, पट्टी फडफडली.

बोटाएवढं गोल छिद्र होतं. एक गोष्ट मात्र खटकली. लाकडाला भोक पाडताना ढलप्या पलीकडच्या बाजूला उडतात. इथे त्या बाहेरच्या बाजूला होत्या. म्हणजे भोक आतून पाडलेलं...

पेटी जोडायच्या आधी पाडलं असेल, असं म्हणून मी विषय सोडला.

घरघर बंद केली. भोक बुजवायला लांबीचा डबा घ्यायला वळलो. पट्टी छिद्रावर चिकटलेली राहिली होती.

ती हलत होती.

मी पंखा बंद केला.

तरी हलत होती. आत... बाहेर... आत... बाहेर...

पट्टी काढून दुसऱ्या कोपऱ्यात लावली. हलेना. पुन्हा छिद्रावर लावली...

उन्हाने लाकूड तापलंय, आतली हवा फुगतेय, अशी मी स्वतःची समजूत घातली. लाकडाचं बूच घासून बसवलं, वरून लांबी भरली. कोन दाबला. अगदी सावकाश बाहेर आला. मी स्वतःचीच पाठ थोपटून घेतली.

गुरुवारी दुसरं काम करत होतो, तर मागून आवाज आला. टक... टक...

उंदीर असेल म्हटलं.

शुक्रवारी बघतो तर कोन जरा आत ओढल्यासारखा दिसला. वायर कशालाच जोडलेली नव्हती. जुना माल, ढिला पडतो. टकटक मात्र दिवसभर चालू होती, आणि कालच्यापेक्षा घाईची. वैतागून मी रेडिओ मोठा केला.

शनिवारी सकाळी टकटक थांबली. बरं झालं, ब्याद गेली, असं वाटलं.

दुपारी काकू आल्या. मी कॅसेट लावली. थोडी खरखर... आणि मग आवाज आला. असा घुमला की टेबलावरच्या ग्लासातलं पाणी थरथरलं.

"एक... दोन... तीन... आवाज येतोय का गं?"

लांबून एक तरुण बाई हसत ओरडली, "येतोय! शेजाऱ्यांनासुद्धा येतोय!"

काकूंनी तोंडावर हात धरला. हसत होत्या की रडत होत्या, कळेना. "हेच ते," म्हणाल्या. "अगदी हेच. पुन्हा लावा ना."

तीनदा लावलं. तिसऱ्यांदा "शेजाऱ्यांनासुद्धा"नंतर शांतता झाली. आणि मग...

"एक..."

जड. संथ.

"दोन..."

काकूंनी माझ्याकडे बघितलं. "हे नाहीये त्याच्यात."

मी टेपकडे बघितलं. कॅसेट संपली होती. बटण वर आलेलं होतं.

"एक... दोन... एक... दो..."

तीन येतच नव्हता.

काकूंचा चेहरा उतरला. "शेवटच्या दिवशी डॉक्टरांनी एका दमात आकडे मोजायला सांगितले होते. दोनच्या पुढे श्वास पुरत नव्हता ह्यांना."

मी वायर उपटली. आवाज थांबला.

पण कोन आत जायला लागला. हळूहळू. कडेचं रबर ताणलं गेलं. आत गेला तो तिथेच राहिला.

"दादा, काय केलंत तुम्ही ह्याला?"

"काही नाही, काकू. मागचं छिद्र बुजवलं."

"कसलं छिद्र?" त्यांनी वाकून लांबीवरून बोट फिरवलं. "असं काही नव्हतं. दर आठवड्याला पुसते मी हा. काढा ते."

"काढलं तर आवाज पुन्हा तसाच बारीक होईल. मग असा ऐकायला मिळणार नाही."

त्यांनी एकदा कॅसेटकडे बघितलं. फक्त एकदा.

"माझं मी आठवेन. तुम्ही आधी ते काढा."

स्क्रू ड्रायव्हर दोनदा निसटला. शेवटी बूच निघालं...

मनगटावर हवा आली. कोमट. खूप वेळ येत राहिली. कोन सावकाश जागेवर आला.

काकू स्टूल ओढून बसल्या आणि छिद्रापाशी तळहात धरून राहिल्या. मी भिंतीला टेकून उभा होतो. मला भीती वाटत होती, त्यांना वाटत नव्हती.

"लागली ह्यांना झोप," त्या म्हणाल्या.

टेम्पोत बसताना त्यांनी माझा हात धरला. "बरं झालं दादा, लगेच काढलंत. आजच बंद केलं होतं ना?"

मी हो म्हणालो.

बूच अजून खणात आहे. फेकवत नाही. आता कुठलीही पेटी बंद करण्याआधी मी कागदाची पट्टी लावून दहा मिनिटं बघत बसतो. गिऱ्हाईक हसतात, हसू देत.

बुधवारी दुपारी बंद केलं होतं मी ते. गुरुवारी टकटक झाली. शुक्रवारी झाली.

शनिवारी सकाळी ती थांबली, तेव्हा मला बरं वाटलं होतं.