आर्डलोखच्या दोन ओळी

शिकारीच्या बंगल्याच्या फाटकापाशी माझी गाडी चिखलात रुतली, तेव्हा ढकलायला एकच माणूस पुढे आला — नेमका ज्याला थोपवण्यासाठी मला लंडनहून पाठवलं होतं, तोच.

"राजवाड्याच्या का तुम्ही?" चष्म्यावरचा पाऊस पुसत त्यानं विचारलं.

"कशावरून?"

"असले बूट घालून आर्डलोखला दुसरं कोण येतंय..."

तो रुअरी, या डोंगरी गावच्या साप्ताहिकाचा एकुलता एक बातमीदार. मी उना. राजघराण्याबद्दल जगानं काय वाचायचं, ते लिहिणं ही माझी नोकरी. शिकारीच्या बंगल्यावर धाकटे राजपुत्र आले होते, आणि त्यांच्या गाडीखाली जंगलाचा राखणदार ह्यू सापडला होता. स्वयंपाकीण एफीनं ते खिडकीतून पाहिलं होतं. तिचा सहीचा जबाब माझ्याच बॅगेत होता. तरी मी दोन ओळी लिहिल्या : ह्यू उतारावरून घसरला, इस्पितळात आहे.

रोज सकाळी रुअरी फाटकाशी यायचा.

"आज काही नवीन?"

"काही नाही."

"मग चहा तरी घ्या. बातमी नसली तरी थंडी आहेच."

थर्मासच्या एकाच झाकणातून आम्ही आळीपाळीनं चहा प्यायचो. आठवड्याभरात 'तुम्ही'चं 'तू' झालं. एकदा माझी ओली बट कानामागे सारताना त्याची बोटं जरा रेंगाळली... मी मान वळवली नाही.

"बातमीदार म्हणून नाही विचारत, उना," तो हळूच म्हणाला. "ह्यू खरंच घसरला?"

त्याच्या डोळ्यांत बघून मी 'हो' म्हटलं. त्यानं तसंच छापलं.

दहाव्या दिवशी ह्यू गेला. लंडनहून साहेबांचा फोन आला, "एक ओळ वाढव. तो पिऊन होता."

"साहेब, तो थेंबही घेत नव्हता."

"आता तो खुलासा थोडाच देणार आहे?"

ती ओळ मी लिहिली नाही. जबाब रुअरीला दाखवू का, असं एफीला जाऊन विचारलं. ती कणीक मळतच म्हणाली, "सही केली ती जाळायला नाही केली, बाई."

साप्ताहिकाच्या कचेरीत रुअरीनं जबाब दोनदा वाचला.

"हा तुझ्याकडे कधीपासून आहे?"

"पहिल्या दिवसापासून."

"म्हणजे मी विचारलं तेव्हा—"

"हो."

त्यानं कागद घडी करून टेबलावर ठेवला. मग तो म्हणाला, "ह्यूच्या बायकोला, मॉराला, संशय होता. मीच तिला समजावलं... तुझ्या शब्दावर."

"माझं नाव घालून छाप."

"नोकरी जाईल. कोर्टात खेचतील तुला."

"खेचू देत." लपवण्यासारखं आता काही उरलं नव्हतं. "माझं प्रेम आहे तुझ्यावर, रुअरी. पण माझ्या तोंडचं तू आता कशाला खरं मानशील..."

"मानतो," तो म्हणाला. "तेच तर वाईट आहे. माझंही तुझ्यावर आहे. पण मॉरासमोर तुझा हात धरून उभं राहणं... मला नाही जमायचं."

मी कोट चढवला.

"कुठे निघालीस?"

"मॉराकडे. छापून येण्याआधी तिनं हे माझ्याकडून ऐकायला हवं."

तो अर्धवट उठला. "मी येऊ?"

"नको."

मॉराचं घर चर्चच्या मागे होतं. दार तिनंच उघडलं. काळ्या कपड्यांत ती फारच लहानखुरी दिसत होती.

"मी राजवाड्याची उना," मी म्हणाले. "ह्यू घसरला नव्हता."