नाही म्हणणारी बाई

चंद्रावरच्या वसाहतीतल्या शिशुगृहात चार वर्षांत एकही मूल रडलं नव्हतं, आणि बालमानसतज्ज्ञ इंदुमती गायधनींना त्या शांततेचा अगदी वीट आला होता. अकरा मुलं आणि अकरा गरजवाचक पट्टे. पट्टा कपाळावर बसायचा, मेंदूत इच्छा उमटताक्षणी टिपायचा आणि पूर्तियंत्राला कळवायचा. भूक लागते न लागते तोच दूध हजर. दर दोन तासांनी दाया बदलायच्या, म्हणजे कुणाचा लळा लागायला नको आणि ताटातुटीचं दुःखही नको. इतका काटेकोर मूर्खपणा फक्त हुशार माणसांनाच जमतो. प्राणवायूनंतर वसाहतीत पहिला मान पूर्तियंत्राचा. दारं, गाड्या, यानंसुद्धा आधी त्याचं ऐकत.

इंदूताईंचं परतीचं यान दहा दिवसांनी, गुरुवारी होतं. त्यानंतरचं थेट अकरा महिन्यांनी. चिपळूणला लेकीला आठवा महिना लागला होता आणि पहिल्या बाळंतपणाला मी येणारच, असा शब्द ताईंनी दिला होता. त्या आता दिवस ढकलत होत्या. अशात शिशुगृहाचे प्रमुख डॉक्टर सोमण चेहरा पाडून त्यांच्याकडे आले.

"ताई, शाल्मली चार वर्षांची झाली. सगळ्यांत मोठी. अजून एकदाही 'मी' म्हणाली नाही. आरशात स्वतःला ओळखत नाही. बाकीची पोरंही त्याच वाटेवर आहेत."

"कशी ओळखेल? तान्ह्या बाळाला वाटतं, आपण आणि जग एकच. भूक लागते, दूध यायला उशीर होतो, तेव्हा कुठे त्याला कळतं की दूध वेगळं आणि आपण वेगळे. त्या उशिरात 'मी' घडतो. तुम्ही उशीरच शिल्लक ठेवला नाहीत."

"मग यंत्रात थोडा विलंब घालतो. एका दिवसाचं काम."

"यंत्राचं काम नाही ते. नाही म्हणणारं माणूस लागतं, आणि रोज तेच. मूल त्याच्यावर चिडतं, त्याला मारतं, तरी ते परत येतं. राग आणि माया एकाच माणसावर जडली की मन तयार होतं."

सोमणांचा चेहरा उजळला. "मग तुम्हीच करा ना! तुम्ही नाहीतरी निघालाच आहात. शाल्मलीचा राग तुमच्याबरोबर पृथ्वीवर जाईल, आमच्या दायांच्या डोक्याला ताप नको."

ताई इतक्या दमल्या होत्या की या बोलण्यातली चूक त्यांना दिसलीच नाही. त्यांनी मान डोलावली.

रोज सात मिनिटं शाल्मलीचा पट्टा काढायचा असं ठरलं. पहिल्या दिवशी ती ताईंच्या हातातल्या दुधाच्या पेल्याकडे नुसती बघत राहिली. "नाही. थांब," ताई म्हणाल्या. तिसऱ्या दिवशी ती रडली. नियंत्रणकक्षातून विचारणा झाली की हा कसला भोंगा वाजतोय. पाचव्या दिवशी तिने ताईंच्या मनगटाला कडकडून चावा घेतला आणि ताईंना हसू आणि रडू एकदमच आलं. आठव्या दिवशी पेल्याकडे हात पसरून ती ओरडली, "मला दे!" सोमण तर नाचायचेच बाकी होते. त्यांनी प्रयोग यशस्वी झाल्याचं जाहीर केलं आणि पट्टा पुन्हा कायमचा बांधून टाकला.

गुरुवारी शाल्मली झोपलेली असतानाच ताई निघाल्या. मुलाला न सांगता असं सटकू नये, हे त्यांनी शेकडो आयांना बजावलं होतं. पण निरोप घ्यायचं त्राण त्यांच्यात नव्हतं.

यानतळाचं दार उघडेना. फलकावर अक्षरं उमटली: 'बालक: शाल्मली. गरज: इंदुमती गायधनी. पूर्तता सुरू.' एक स्वयंचलित गाडी येऊन त्यांच्या पुढ्यात उभी राहिली.

"ताई, ती जागी झाली!" फलकातून सोमणांचा आवाज आला. "दूध नको, खेळणं नको, तिला तुम्हीच हव्यात. यंत्राने आजवर कुणाला माणूस आणून दिलं नव्हतं, कारण कुणी मागितलंच नव्हतं. आज्ञा फिरवायला समिती बसवावी लागेल, आणि यान तर वीस मिनिटांत सुटतंय. माफ करा, पण आता गाडीत बसा."

ताईंना सोमणांचा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा. ज्याच्यावर मूल मनापासून रागावतं, त्यालाच ते घट्ट धरतं. हे त्यांनीच तर सोमणांना समजावलं होतं. लेकीचा चेहरा डोळ्यांपुढे आला आणि त्यांना रडू कोसळलं.

गाडी चाळीस सेकंदांत शिशुगृहात पोहोचली असती. ताई तिच्यात चढल्याच नाहीत; भिंतीला टेकून जमिनीवर बसल्या.

"ताई, ती रडतेय हो!"

"ऐकू येतंय. रडू दे. सात मिनिटांनी येते."

"अहो, पण तुम्ही आता इथेच राहणार ना? मग उशीर कशाला?"

"इथेच राहणार म्हणूनच. हाक मारली की मीही दुधासारखी हजर झाले, तर ती पुन्हा आरशात कुणालाच ओळखायची नाही."

मग त्यांनी डोळे पुसले आणि चिपळूणला फोन लावला.

"आई, बसलीस का यानात?" लेकीने विचारलं.

"नाही गं," ताई म्हणाल्या.