तीस सेकंदांचा काळोख

आम्ही तिघे त्या गुहेत उतरलो ते एका काळ्या फोटोसाठी. काळोखाचा फोटो नव्हे. फोटोच काळाकुट्ट, कोळशाच्या पोत्यात तोंड खुपसून काढल्यासारखा. माझ्या थोरल्या भावाने, दादाने, काढलेला तो शेवटचा फोटो. तो कुठे बघून काढला हे सापडलं की दादा कुठे गेला हेही सापडेल, असं वहिनीचं म्हणणं होतं.

दादाचा फोटो स्टुडिओ होता. वर्षापूर्वी पठाराखालच्या गुहेचे फोटो काढायला तो एकटाच आत शिरला. दूरच्या डोंगरावर पाऊस कोसळला, गुहेतला ओढा फुगला आणि परतीची वाट बुडाली. तिसऱ्या दिवशी पाणी उतरल्यावर शोधायला गेलेल्यांत मी होतो. आतल्या मोठ्या दालनात पाणी फारसं चढलं नव्हतं; तिथे ट्रायपॉडवर कॅमेरा उभा होता. दादा नव्हता. आम्ही हाका मारल्या. ओढ्याच्या आवाजात त्या आमच्याच कानांपर्यंत पोचेनात. पाण्याने नेला, असं कागदावर लिहिलं गेलं. लिहिलं मीच. मी गोदामात मालाची आवकजावक लिहिणारा माणूस. अशा प्रसंगी लोक पेन माझ्याच हातात देतात.

माणसांचीही नोंद ठेवायची मला खोड आहे. दादाच्या पानावर एका बाजूला: हात सोन्याचा. दुसऱ्या बाजूला: जीभ विळ्याची. वहिनी वीस वर्षं त्याच्या स्टुडिओत "हनुवटी जरा वर" म्हणत गिऱ्हाइकांचे फोटो काढत आली, पण कॅमेऱ्याची चकती कायम ऑटोवर. ती हलू नये म्हणून दादाने वर चिकटपट्टी लावून ठेवली होती. "तुला नाही जमायचं," एवढंच त्याचं शिकवणं.

तो गेल्यावर महिनाभरात वहिनीने ती पट्टी नखाने सोलली आणि चकती मॅन्युअलवर नेली. मग जे फोटो निघाले ते बघवत नव्हते. खिडकी दुधात बुडालेली, नाहीतर मांजर शाईत. मी थट्टा केली तेव्हा तिने मला माझ्याच धंद्याच्या भाषेत समजावलं. गोदामाचं दार किती रुंद उघडलं, ते अ‍ॅपर्चर. किती वेळ उघडं ठेवलं, तो शटर स्पीड. आणि आतले हमाल मालावर किती तुटून पडतात, तो आयएसओ. फार उतावळे असले तर मालाबरोबर कचराही आत आणतात, म्हणून फोटोवर वाळू पसरल्यासारखी दिसते. या तिघांनी मिळून जेवढा उजेड आत घेतला, ते एक्स्पोजर.

"आता हा काळा फोटो बघा, भाऊजी," ती म्हणाली. "दार सताड उघडं. वेळ तीस सेकंद. हमाल उतावळे. चुकून बटण दाबलं गेलं असतं तर हे आकडे आले असते का?"

तिने तो फोटो संगणकावर ताणून ताणून उजळला. वाळूच्या ढिगातून एक फिकट डाग वर आला. तुटक्या नखाएवढा.

"दिवे विझवून ते उजेड शोधत होते," वहिनी म्हणाली. "डोळ्याला तो दिसत नाही, कारण डोळा साठवत नाही. सापडला आणि ते तिकडे गेले. वीस वर्षांत त्यांनी कॅमेरा कधी मागे सोडला नाही. त्या दिवशी सोडला, तो आपल्यासाठी बोट दाखवत सोडला."

तो कॅमेरा तिथून कोणी उचलला, ते मी तिला सांगितलं नाही.

वाटाड्या म्हणून घोरपड आला. हे त्याचं टोपणनाव. कड्याला चिकटला की सुटत नाही, म्हणून पडलेलं. पन्नाशीचा, काटकुळा, गेल्या वर्षीच्या शोधातही आमच्याबरोबर होता. गुहेच्या तोंडाशी थांबून त्याने वर बघितलं. सकाळ असूनही आभाळ ओल्या घोंगडीसारखं खाली लोंबत होतं. दुपारच्या आत बाहेर पडायचं, असं त्याने बजावलं. उशीर झाला तर तो बाईंना घेऊन निघेल, कारकूनसाहेबांनी खुशाल आत बसून नोंदी कराव्यात.

दोराला धरून आम्ही उतरलो. आधी हाडं गोठवणारा ओढा, मग भिंतींच्या मधून आडवं सरकत जायची चिंचोळी फट, आणि शेवटी सरपटी: छाती जमिनीला, पाठ छताला आणि नाकाशी थंडगार पाणी. वहिनीने कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत बांधून पुढे ढकलत नेला, तान्ह्या मुलाला न्यावा तसा. सरपटीपलीकडे ते दालन अचानक मोठं झालं. आमच्या दिव्यांचे झोत छताच्या दिशेने गेले आणि तिथे पोचायच्या आतच दमले.

"कॅमेऱ्याचं तोंड कुठल्या बाजूला होतं?" ट्रायपॉड उघडत वहिनीने विचारलं.

घोरपड माझ्याकडे बघायला लागला. गेल्या वर्षी इथल्या वस्तूंची यादी मी केली होती. कॅमेरा एक. ट्रायपॉड एक. भिंगाचं झाकण एक. सगळं लिहिलं, ट्रायपॉडचे पाय दुमडले, पट्टा नीट गुंडाळला. मी फार नीटनेटका माणूस आहे.

"ते मी लिहिलं नाही," मी म्हणालो. "मीच उचलला, वहिनी. तोंड कुठे होतं ते बघितलंच नाही."

तिच्या कपाळावरच्या दिव्याचा झोत माझ्या तोंडावर थांबला, त्यामुळे तिचं तोंड मला दिसलं नाही. मग तो बाजूला झाला.

"मग सगळीकडे बघू," ती म्हणाली.

आठ दिशा ठरल्या. प्रत्येक दिशेला दादाचे तेच आकडे. दिवे विझले, आणि असा काळोख आला की आपल्याला हात आहेत हे आठवावं लागत होतं. पहिला फोटो माझ्यामुळे वाया गेला. वेळ बघायला मी मनगट वळवलं आणि घड्याळाच्या चमकत्या काट्यांनी त्यावर हिरवा ओरखडा ओढला. वहिनीने घड्याळ काढून मागितलं आणि स्वतःच्या खिशात घातलं. पुन्हा सुरुवात. तीस सेकंद, बघणं, ट्रायपॉड जरासा वळवणं, पुन्हा तीस सेकंद.

आठही फोटो काळे. कशातच काही नाही.

तेवढ्यात ओढ्याचा आवाज बदलला. मघाशी तो बडबडत होता, आता घोगरा झाला होता. घोरपड दिवा लावून सरपटीकडे धावला. सरपटी नव्हती! तिच्या जागी तपकिरी पाणी गरगरत होतं, आणि ते दालनात चढत होतं.

"वाट गेली," तो परत येऊन म्हणाला. "बाई, आता तुम्ही म्हणाल तिकडे."

मी पुन्हा तेच आठ फोटो काढायला सांगितले. घाबरलेला कारकून तीच बेरीज पुन्हा करतो. वहिनी कॅमेऱ्यावर हात ठेवून उभी राहिली. पाणी घोट्यावर आलं.

"त्या दिवशी पाऊस लांब डोंगरावर होता," ती हळूच म्हणाली. "इथे वर काय होतं?"

"लख्ख ऊन," घोरपड म्हणाला.

"आणि आज ढग. मी त्यांचे आकडे पाठ करून आले. उजेड मात्र आजचा आहे."

मग तिचे हात भराभर चालले. उजेड एक चतुर्थांश धरला, तर भरपाई चौपट हवी. दार आधीच सताड. हमाल दुप्पट उतावळे केले आणि वेळ दुप्पट: एक मिनिट. एका मिनिटासाठी बटण दाबूनच धरावं लागतं, म्हणून तिने तारेचं बटण जोडलं. ट्रायपॉड उंच दगडावर चढवला. पाण्याच्या धक्क्याने तो हलला तर डाग फासला गेला असता, म्हणून मी दगडाच्या पुढे धारेला छाती देऊन उभा राहिलो. घोरपड साठपर्यंत मोजायला लागला.

पहिली दिशा. काळी. दुसरी. काळी. पाणी गुडघ्यावर! तिसरी, चौथी. मांड्या बधिर झाल्या. कसला तरी ओंडका माझ्या बरगडीवर आदळला आणि मी दगडाला मिठी मारली. पाचवी. घोरपडचं साठ संपलं. पडद्याचा मंद प्रकाश वहिनीच्या हनुवटीवर पडला आणि तसाच राहिला.

"हा बघा," ती म्हणाली.

वाळूत एक फिकट डाग होता. तुटक्या नखाएवढा!

दिवे लागले. त्या दिशेला नुसती ओली भिंत दिसत होती. दिव्याच्या उजेडात तो उजेड दिसणारच नव्हता, गेल्या वर्षी आम्हालाही दिसला नव्हता. घोरपड भिंतीला भिडला. बोटं फटीत, पाय हवेत, आणि वर! दोर खाली आला. कॅमेरा गळ्यात अडकवून वहिनी गेली. मी निम्म्यावर घसरलो, गुडघा फुटला, दोराला लोंबकळलो. वरून दोघांनी ओढलं. मी कडेवर पालथा पडलो तेव्हा खाली ट्रायपॉडचा दगड पाण्याखाली गेला होता.

वर कोरडा कट्टा होता. तो वळून आत गेला होता, आणि वळणापलीकडे छतात एक भेग होती. राखाडी उजेडाची. कोपरापर्यंत हात जाईल एवढीच रुंद. तिच्याखाली, भिंतीला टेकून, दादा बसला होता.

वर्षभराने माणूस जेवढा उरतो तेवढा. एका पायाला कॅमेऱ्याच्या बॅगेचा पट्टा आवळून बांधलेला. पाय मोडला होता, चढताना किंवा खाली यायच्या धडपडीत. शेजारी भिंतीवर दगडाने ओढलेल्या रेघा होत्या. भेग उजळली की एक रेघ, दुसरं मोजायला तिथे काहीच नव्हतं.

रेघा पाच होत्या. मी दोनदा मोजल्या. कॅमेरा आम्ही तिसऱ्या दिवशी उचलला होता.

घोरपडने तोंड फिरवलं. वहिनी गुडघ्यावर बसली आणि प्रत्येक रेघेवरून एकेकदा बोट फिरवलं. तिसऱ्या रेघेवर ते जास्त थांबलं असं मला वाटलं; पण मला तसं वाटणारच.

पाणी रात्रभर खाली घुसमटत राहिलं. त्या काळ्या फोटोने आम्हा तिघांचा जीव वाचवला होता. ही नोंद कुणाच्या पानावर आणि कुठल्या बाजूला करायची, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. आम्ही चौघे त्या कट्ट्यावर ओळीने बसून होतो. सकाळी भेग पुन्हा राखाडी झाली आणि पाणी उतरलं.

दादाला सरपटीतून न्यायला सहा माणसं लागतील, असं घोरपड म्हणाला. आणायची तयारी आहे, पण पाण्याचा भरवसा देता येणार नाही, हेही त्याने सांगितलं. वहिनीने नको म्हटलं. आणखी कोणाच्या घरी काळा फोटो जायला नको, आणि इथे निदान दिवसाचा उजेड येतो. मग कागदपत्रांसाठी एक फोटो लागेल, असं मीच म्हणालो. माझ्यातला कारकून पाण्यातही बुडत नाही.

ट्रायपॉड पाण्यातून शोधून घोरपडने वर आणला. त्याचा एक पाय वाकला होता. वहिनीने कॅमेरा लावला. वर्षभर तिच्या बडबडीतून एवढं मलाही कळलं होतं, की भेगेचं माप धरलं तर खालचं सगळं काळं पडणार आणि खालचं धरलं तर भेग पांढरीफट्ट होणार. दोन्ही वाचवता येत नाहीत. मी तिच्या अंगठ्याकडे बघत राहिलो. अंगठा वळला. दार लहान झालं. टक्.

तिने पडदा माझ्यापुढे धरला. भेगेची कड न् कड धारदार आली होती, मागे ढगाचा एक तुकडासुद्धा. तिच्याखाली बसलेल्या माणसाची काळी आकृती, चालून दमलेला माणूस टेकावा तशी. मोडका पाय नाही. भिंत नाही.

"रेघा आल्या नाहीत," मी म्हणालो.

"नाही," वहिनी म्हणाली. "मी उजेडाचं माप धरलं."

हातांना काहीतरी काम हवं म्हणून मी ट्रायपॉड दुमडायला वाकलो.

"थांबा, भाऊजी," ती म्हणाली. "आधी तोंड कुठे आहे ते लिहा."

मी ओली वही काढली आणि लिहिलं.