न्या सिरियाकाचा ‘उद्या’

मी नर्सिंगच्या मुलींना मानसिक आरोग्य शिकवते. मनोरुग्णालयात आम्ही प्रत्येकीला चार आठवडे एकच रुग्ण देतो. रोजचं बोलणं शब्दन् शब्द वहीत उतरवायचं, रुग्णाचं आणि आपलंही. आणि पहिल्याच दिवशी रुग्णाला सांगून टाकायचं, की मी अमुक तारखेला जाणार. हे न सांगणाऱ्या मुलीला मी सरळ नापास करते. मुली माझ्या माघारी मला खडूस म्हणतात. म्हणोत बापड्या.

तीस वर्षांपूर्वी मीच ते सांगितलं नव्हतं. तेव्हा मी याच रुग्णालयात शिकत होते. माझी रुग्ण सिरियाका. आमच्या पाराग्वेत म्हाताऱ्या बाईला मानानं ‘न्या’ म्हणतात, म्हणून न्या सिरियाका. दुपारी सगळं गाव झोपलं, की आम्ही दोघी मागच्या अंगणातल्या दगडी बाकावर एकाच नळीनं तेरेरे, म्हणजे बर्फाच्या पाण्यातला पानांचा चहा, पीत बसायचो. तिला भेटायला कधी कुणी येत नसे. शेवटच्या दिवशी मला धीरच झाला नाही. ‘उद्या येते हं,’ म्हणाले आणि संध्याकाळच्या बोटीनं गाव सोडलं. ती वारल्याचं पुढे पत्रातून कळलं; मी शिकवायला इथे परत आले ते त्यानंतरच.

या नोव्हेंबरात, आमच्याकडे तेव्हा उन्हाळा, लुर्देस नावाच्या मुलीची वही तपासायला घेतली. तिला दिलेली रुग्ण वेगळीच होती. पण शेवटच्या पानावर तिनं ‘बाकावरची आजी’ असं लिहून खाली तिच्याशी झालेलं आपलं बोलणं उतरवलं होतं.

आजी: ती आली का?
मी: कोण, आजी?
आजी: उद्या येते म्हणाली होती ती.

मी ती ओळ पुन्हा वाचली. वॉर्डातल्या सिस्टर रामोनाला विचारलं, तर ती म्हणाली की दुपारी ऊन लागतं म्हणून अंगणात कुणाला सोडतच नाहीत. दुपारी दोनला थर्मास घेऊन एकटीच मागे गेले.

अंगणात चिटपाखरू नव्हतं. कुजलेल्या आंब्यांचा वास येत होता, झाडात किड्यांची किरकिर चालली होती. मी बाकाच्या एका टोकाला बसले. तीस वर्षं घशात अडकलेलं वाक्य कसंबसं बाहेर काढलं.

“न्या सिरियाका… मी नेलिदा. माझं चुकलं. आज शेवटचं बसते… उद्या येणार नाही.”

किरकिर एकदम थांबली. मग ती पुन्हा सुरू झाली. मी पोटभर रडले आणि हलकी होऊन घरी आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी लुर्देसनं वही पुढे केली.

आजी: काल आली ती. उद्या येणार नाही म्हणाली.
मी: मग वाईट वाटलं का, आजी?
आजी: छे गं. येते म्हणाली, तेव्हा आली नाही. आता येत नाही म्हणतेय ना… येईल.

मी बाकावर काय बोलले, ते कुणालाही सांगितलं नव्हतं.

मला घरी नवरा नाही, मूल नाही, वाट बघणारं कुणीच नाही. खरं सांगते, भीती नंतर वाटली. आधी बरं वाटलं.

दोन वाजता थर्मासात बर्फ भरून निघाले. उन्हानं बाक तव्यासारखा तापला होता, तरी मी टोकाला बसले. फक्त माझ्या शेजारची, एका माणसापुरती जागा गार होती.