तानुबाईचं वाक्य

अकोल्यात जठारपेठेत माझं कान तपासणीचं दुकान आहे. मी दुकानच म्हणतो. क्लिनिक म्हटलं की आमची माणसं पायरीवरूनच परत फिरतात. आत काचेची एक बंद खोली आहे. पेशंट हेडफोन लावून तिच्यात बसतो, मी बाहेरून माइकवर एकेक शब्द म्हणतो आणि तो ऐकलेला शब्द परत म्हणतो. जमलं तर बरोबरची खूण, नाहीतर फुली.

माझी सहाय्यक मंजुषा पुण्यात शिकून आली. पहिल्याच आठवड्यात तिनं सव्वीस पेशंट तपासले आणि सव्वीसच्या सव्वीस बहिरे ठरवले. ती म्हणायची 'मला', पेशंट म्हणायचा 'मले'. ती 'विहीर', पेशंट 'इहीर'. ती 'वेळ', पेशंट 'येळ'. तिनं इमानानं फुल्या मारल्या. तिच्या कागदांवर अर्धा अकोला ठार बहिरा झाला होता. मी तिला म्हटलं, अगं, कान धड आहेत, तोंड वऱ्हाडातलं आहे. आपण कान तपासतो, तोंड नाही. ती हसली आणि तेव्हापासून 'मले' ला बरोबरची खूण मिळू लागली.

हे आधी सांगून ठेवतो, कारण पुढचं वाचून लोक मला खुळा म्हणतील. मी खुळा नाही. आवाज ही माझ्यासाठी मोजायची वस्तू आहे. वीस वर्षं मी तेच करतो आहे.

माझी माय, तानुबाई, एकोणीस वर्षांची असताना एका सिनेमात होती. पातूरजवळच्या आमच्या गावात १९७४ साली तो काढला. दिग्दर्शकाला नट नको होते, म्हणून त्यानं गावातलीच माणसं घेतली आणि त्यांना त्यांच्याच बोलीत बोलू दिलं. सिनेमाचं नाव 'पयला येचा', म्हणजे कापसाची पहिली वेचणी. अमरावतीच्या टॉकीजला तो पंचवीस आठवडे चालला. त्यात मायचं एकच वाक्य आहे. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बसलेले पुरुष तिचं लग्न ठरवत असतात, ती वावरात कापूस वेचत असते. ती ताठ होते, ओटीतला कापूस एका हातानं सावरते आणि म्हणते:

"मले इचारलं काय कोनी?"

मग कोणीच बोलत नाही. अकरा सेकंद नुसता वारा. मग बंडी हाकणारा पोरगा म्हणतो, "बैल काहून थांबले बे?" तो पोरगा म्हणजे माझे बाबा, पुंजाराम. पुढं त्यांचं लग्न झालं ते त्या वावरातल्या ओळखीतून.

ते वाक्य पुढं वऱ्हाडभर झालं. बसमध्ये, रेशनच्या रांगेत, पंगतीत, जिथं म्हणून एखाद्या बाईला डावललं, तिथं ती कमरेवर हात ठेवून ते म्हणायची आणि बाकीच्या हसायच्या. माय २००६ मध्ये गेली. तिचा आवाज दुसऱ्या कुठंच नाही. माझ्या लग्नाची कॅसेट आहे, पण शूटिंगवाल्यानं तिच्यावर पहिल्यापासून शेवटपर्यंत गाणी भरलेली. माय त्यात तोंड हलवते आणि सनई वाजते. म्हणून ते एक वाक्य. बाबा फोनवर रोज संध्याकाळी ते ऐकायचे. त्यांच्या कानाच्या मशीनमध्ये मी एक वेगळं बटण ठेवलं होतं, फक्त मायच्या आवाजाच्या पट्टीसाठी.

गेल्या वर्षी एका बड्या कंपनीनं निर्मात्याच्या नातवाकडून सिनेमाचे सगळे हक्क घेतले. अभिजात सिनेमा, पन्नास वर्षं, नवा साज, अशा जाहिराती आल्या. मी खूश झालो, खोटं कशाला बोलू. चार लोकांना फोनही केले. त्याच आठवड्यात इंटरनेटवरच्या जुन्या प्रती एकेक करून गेल्या. बाबांच्या फोनमधला तुकडासुद्धा उघडेना.

मग एका रविवारी नवा सिनेमा टीव्हीवर पहिल्यांदा लागला. दुपारी जेवणं झाल्यावर आम्ही समोर बसलो. सिनेमाचं नाव आलं, 'पहिली वेचणी'. तिथंच माझं डोकं तापलं. कापसाची पऱ्हाटी हिरवीगार केली होती, आभाळ निळंशार. आणि सगळं गाव बातम्या वाचल्यासारखं बोलत होतं. पंच, म्हाताऱ्या, गुराखी, सगळे. मग माय ताठ झाली, तिनं ओटी सावरली.

"मला कुणी विचारलं का?"

आवाज गोड होता, शिकवलेला. वारा काढून त्या जागी बासरी घातली होती.

बाबांनी मशीन कानातून काढलं, फुंकलं, परत लावलं. "श्याम, मशीन बिघडली काय बे? हे कोन बाई बोलून राहिली?"

"मशीन ठीक हाय, बाबा."

"मंग तुह्या मायचा आवाज कुठी गेला?"

अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस माझ्याकडं असा बघत होता, जणू मीच तो कुठं ठेवून विसरलो. मला इतका संताप आला की हातातला रिमोट मी भिंतीवर मारला. नंतर तो चिकटपट्टीनं जोडून मी ते दृश्य पुन्हा लावलं. आवाज बंद करून.

ओठ वाचणं माझ्या धंद्यातलं आहे. 'मले' म्हणताना ओठ बाजूला ताणतात. 'मला' म्हणताना जबडा खाली येतो. वरून दुसरा आवाज चिकटवला, तर ओठ आणि आवाज यांचं जमत नाही, कोणाच्याही लक्षात येतं. मी ते दृश्य तीस वेळा पाहिलं.

मायचा जबडा खाली येत होता.

सोमवारी मी कंपनीला फोन लावला. चार ठिकाणी फिरवून शेवटी आकांक्षा नावाच्या बाईंकडं दिला. त्या फार गोड बोलल्या. बोली सगळ्या प्रेक्षकांना कळत नाही, म्हणून भाषा एकसारखी केली. "पण सर, रिजनल टच आम्ही जपलाय. चुलीची दृश्यं एकही कापली नाहीत."

मी विचारलं, माझ्या आईचे ओठ का बदलले?

"नाही सर, पिक्चरला आम्ही हात नाही लावला. फक्त ऑडिओ. खरं सांगू का, आधी लिप-सिंक जुळत नव्हतं. टीमनं तशी नोंदही केली होती. मग फायनलच्या वेळी पाहिलं, तर जुळलेलं होतं. आर्टिस्ट चांगली आहे आमची."

"मूळ सिनेमा कुठं आहे?"

"आता हाच मूळ आहे, सर. जुने प्रिंट्स डिस्पोज झाले."

डिस्पोज. इंजेक्शनची सुई टाकतात, तसं. माझ्या तोंडून आपसूक गेलं, "मले इचारलं काय कोनी?"

त्या हसल्या. "किती छान म्हणता सर तुम्ही."

मी फोन ठेवला. चोराला निदान माहीत असतं की आपण चोरी केली. या माणसांना वाटत होतं, त्यांनी आमच्यावर उपकार केला, शेंबडं पोर धुऊनपुसून परत दिलं.

एक प्रत कंपनीनं अचलपूरहून नेल्याचं मला ठाऊक होतं. तिथले कुर्बानचाचा फिरत्या टॉकीजचे ऑपरेटर. चाळीस वर्षं त्यांनी यात्रांमधून, बाजाराच्या गावांतून हा सिनेमा दाखवला. काही उरलं असेल या आशेनं मंगळवारी मी सकाळची एसटी धरली आणि अकोट, अंजनगाव करत दुपारी पोचलो. चाचा अंगणात बाजेवर बसले होते. त्यांचा मुलगा नईम शेजारीच पंखे दुरुस्त करत होता.

"डबा तं नेला त्याइनं, बेटा," चाचा म्हणाले. "कागद दाखवला, शिक्का होता. मी का करतो?" मग ते पुढं वाकले. "पन एक तुकडा मी आधीच कापून ठेवला. तानुबाईचा. मले भरोसा नोता त्या लोकायचा."

नईमनं आतून बिस्किटाचा पत्र्याचा डबा आणला. झाकणाला चिकटपट्टी होती, तिच्यावर चाचांची उर्दूतली सही. "डब्याले कोनीच हात नाई लावला, भाऊ," नईम म्हणाला. "अब्बा झोपतात तं उशाशी घेऊन."

मला रडू यायचं बाकी होतं. फिल्मचं इतकंसं भेंडोळं. कडेला आवाजाची नागमोडी पट्टी होती, तीवर मी बोट फिरवलं. माझी माय त्या पट्टीत होती. कंपनीच्या बापाचीही ताकद नव्हती तिथं पोचायची.

नईमनं खोलीची खिडकी गोणपाटानं झाकली, जुनं मशीन पुसलं, भिंतीवर चादर लावली. मशीन खडखडलं. फिक्या रंगाचं वावर चादरीवर आलं. जुनेच रंग, जुनेच ओरखडे. माय ताठ झाली.

"मला कुणी विचारलं का?"

तोच गोड आवाज. मागं बासरी.

तुकडा संपला आणि त्याचं टोक चाकावर फटफट वाजत राहिलं.

"हे कोन हाय?" चाचा म्हणाले. "हे तं माह्या डब्यात नोतं."

"परत लाव," मी नईमला म्हटलं.

त्यानं परत लावला. माय ताठ झाली, तिनं ओटी सावरली, वाक्य झालं. मग तिनं दुसरा हात उचलून गळ्याला लावला. घशात काही अडकल्यावर लावतात, तसा.

हा सिनेमा मी शंभरदा तरी पाहिला असेल. तिनं गळ्याला हात कधीच लावला नव्हता.

नईमनं मशीन बंद केलं. निघताना मी चाचांचे पाय धरले, तेव्हा ते म्हणाले, "सांभाळून जा, बाळा. वेळेवर पोहोच." मी फाटकापर्यंत गेलो आणि थबकलो. चाचा मला जन्मभर 'बेटा' म्हणत आले होते. वळून पाहिलं, तर नईम पाना हातात धरून बापाकडं बघत उभा होता.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्या उघडल्या मंजुषानं पेशंटचे कागद पुढं केले.

"सर, सोमवारपासून एकही फुली नाही," ती म्हणाली. "आणि एकही 'मले' नाही."

मी कागद पाहिले. म्हाताऱ्या बाया, ट्रकवाले, पातूरचे, बाळापूरचे. सगळ्यांनी 'मला'. सगळ्यांनी 'विहीर'.

"चांगलंच आहे ना, सर?" तिनं विचारलं. पण तिचा चेहरा तसं म्हणत नव्हता.

मी घरी जाऊन बाबांना घेऊन आलो. त्यांना खोलीत बसवलं, हेडफोन लावले, दार बंद केलं. माइक हातात घेतला आणि यादी बाजूला ठेवली.

"मले," मी म्हटलं.

"मला."

"इहीर."

"विहीर."

"येळ."

"वेळ."

ते शांतपणे बसले होते, दोन्ही हात मांडीवर ठेवून. त्यांची नजर माझ्यावर होती. आवाज त्यांचा नव्हता. नव्या सिनेमात बंडीवरचा पोरगा ज्या आवाजात बैलांची चौकशी करतो, तो होता. विशीतल्या माणसाचा.

"बाबा," मी माइकवरच म्हटलं, "तुमी असं काहून बोलून राहिले?"

"असं म्हणजे कसं, श्याम? मी नेहमीसारखाच बोलतो आहे."

"मायचा आवाज आठवते का तुमाले?"

ते हसले. इतके समाधानी मी त्यांना वर्षानुवर्षांत पाहिले नव्हते. "न आठवायला काय झालं? परवाच तर ऐकला टीव्हीवर. किती गोड बोलायची तुझी आई."

मी दार उघडलं नाही. काचेबाहेर उभा राहून मी रडलो. ते मायेनं माझ्याकडं बघत होते. जिवंत माणसाच्या तोंडातून, मेलेल्या बाईच्या गळ्यातून कंपनीनं आमची बोली काढून नेली. आणि वर आता हेच मूळ म्हणतात.

त्याच दुपारी मी हे लिहायला बसलो. यंत्रावर भरवसा उरला नाही, म्हणून कागदावर, शाईच्या पेनानं. सिनेमा त्यांचा, प्रत त्यांची, आवाज त्यांचा, असू दे. हात तर माझा आहे. ते वाक्य माझ्या कानात अजून आहे, अगदी तिच्या आवाजात. ते मी इथं पुन्हा लिहून ठेवतो. घाई न करता, एकेक अक्षर मोठ्यानं म्हणत, बोटानं पडताळून. कोणी काहीही ऐकवलं, तरी माझी आई त्या वावरात जे बोलली, ते हेच. यात काना-मात्रेचाही फरक नाही:

"मला कुणी विचारलं का?"